पण समुद्र कुठाय?

नको नको, टोपी राहू दे माझ्या हातातच! खुंटी दाखवू नका मला, खुंटीचंच तर सगळं रडगाणं आहे... सांगतो, सगळं सांगतो, आधी ती बाटली जरा इकडे सरकवा, अर्धाच पेला, अर्धा म्हणजे असा काठापर्यंत, हां! तर काय म्हणत होतो? विहीण! मला एक सांगा, तुमच्यापैकी कुणी पहिल्याच भेटीत विहीणबाईंच्या कानातला डूल तोंडात धरलाय? नाही ना? मी धरलाय! तूर शहराच्या स्टेशनवर, भर फलाटावर, लेकीच्या देखत!

आता यात माझी काय चूक, तुम्हीच सांगा. आपल्याकडे सोम्यूरला माणूस भेटला की गालाला गाल लावून पापे किती? चार! खाटीक असो, डॉक्टर असो, ज्याच्याशी कोर्टात भांडण चालू आहे तो शेजारी असो, चार म्हणजे चार! आणि या बाई पार दक्षिणेच्या, समुद्रकाठच्या मार्सेयच्या. तिकडे दोनच! दोन झाले, त्यांचा कारभार आटोपला, त्यांनी मान वळवली बॅग बघायला, आणि मी आपला डोळे मिटून तिसऱ्यासाठी निघालेलो... गाल कुठाय? गाल नाही, कान! आणि कानात हा एवढा डूल! "अगंऽऽ बाईऽऽ!" विहीणबाई ओरडल्या, आणि तो आवाज म्हणजे बंदरातून जहाजं परत बोलवायचा आवाज हो, फलाटावरची सगळी कबुतरं उडाली, "सोलेन! अगं, तुझे बाबा मला खातायत गंऽऽ!"

सोलेन म्हणजे माझी लेक. एकुलती एक, आणि पोटुशी. जावई रेमी, गुणाचा पोरगा, पण मार्सेयचा. त्याला आपल्याकडे वाईनच्या तळघरात नोकरी मिळत होती आणि तिकडे मामाच्या बोटींच्या कारखान्यातही मिळत होती, आणि हा बाबा काय म्हणतो? "आई म्हणेल तसं!" बरं, आई काय म्हणते? विहीणबाई, मगाली त्यांचं नाव, फोनवर म्हणाल्या, "मी येते. बघते. माझा नातू वाढायची जागा मला पटली तर राहा तिकडे, नाही तर गाठोडं बांधा आणि इकडे या!" म्हणजे कळलं का तुम्हाला? एका दिवसात फैसला! मी नातवंडाला रोज अंगाखांद्यावर खेळवणार की वर्षातून एकदा नाताळला बघणार, आणि तेसुद्धा त्या दिवशी रेल्वेचा संप नसला तर! हसू नका. मला जेवण जात नव्हतं.

मग माझी बायको ओडील आणि लेक, दोघींनी बेत केला. "बाबा, त्यांना महाल दाखवायचे! दिवसभर! एकामागून एक, एकामागून एक, इतके दाखवायचे की घर बघायला वेळच उरता कामा नये!" कारण घर... आता घराचं काय, तुम्हाला माहीतच आहे. पोरांसाठी ठेवलीय ती आमच्या शेजारची, माझ्या काकाची रिकामी गुहा. आपल्याला त्यात काय विशेष? आपण सगळेच टेकडीच्या पोटात राहणारे, पुढे दार-खिडकी-पडदे, मागे खडक, आणि धुराडं वर द्राक्षाच्या मळ्यात. पण मार्सेयच्या बाईला कसं सांगणार, बाई गं, तुझा नातू गुहेत वाढणार म्हणून? सोलेनने मला बजावलं, "बाबा, काही झालं तरी 'गुहा' हा शब्द तोंडातून काढायचा नाही!" आणि मला सांगा, जो शब्द काढायचा नाही तोच जिभेच्या टोकावर येऊन बसतो की नाही? अहो, सबंध दिवस बसला होता!

आणि महाल दाखवायचे कुणी? मी! अख्खा जन्म लुआर नदीच्या काठी गेला, पण आपल्यातलं कोण जातं हो महालात? ते पाहुण्यांचं काम. मी आतून बघितलेला एकच महाल म्हणजे पाण्याचा महाल! आपली भाषाही कसली डोकेबाज, पाण्याच्या उंच टाकीला 'पाण्याचा महाल' म्हणते, आणि मी नगरपालिकेच्या पाणीखात्यात, टाक्या घासण्यात आयुष्य काढलेलं. त्या दाखवल्या असत्या मी, एकेक टाकी, शिडीसकट! पण राजाराणीचं मला काय ठाऊक? तरी निघालो. आणि दिवस कोणता? तो! जुलैमधला तो दिवस आठवतो ना, डांबर बुटाला चिकटत होतं, गायी झाडाखालून हलायला तयार नव्हत्या? तोच! आणि माझी गाडी माहीत आहे तुम्हाला, हिवाळ्यात जी काच वर जात नाही ती उन्हाळ्यात खाली येत नाही.

आधी शेनाँसोचा महाल. आता काय सांगू तुम्हाला... अहो, नदीवर! नदीच्या काठावर नाही, नदीवर आडवा! कमानींवर उभा, खालून पाणी चाललंय, खिडकीतून वाकून बघितलं तर पायाखालून नाव! मी तर वेडाच झालो, या खिडकीतून त्या खिडकीत, "विहीणबाई, हे बघा! विहीणबाई, ते बघा!" सोलेन कोपराने ढोसतेय, "बाबा, तुम्ही दाखवायला आलायत, बघायला नाही!" पण अहो, एवढी वर्षं हे इथे होतं आणि मला कुणी बोललं नाही? विहीणबाई मात्र दालनाच्या मधोमध उभ्या, पंखा हलवतायत. म्हणाल्या, "छान आहे हो. नदीवर घर. छानच आहे." माझा जीव भांड्यात पडायला लागला, पडतोय, पडतोय... "पण समुद्र कुठाय?"

समुद्र! आता मी समुद्र कुठून आणू? म्हटलं, "विहीणबाई, समुद्र जरा लांब आहे, पण नदी बघा ना किती आहे!" तर म्हणाल्या, "नदीचं काय कौतुक, भावोजी? नदी नुसती जाते. समुद्र परत येतो!" मी पाण्याच्या खात्यातला माणूस, पण हे मला खात्यात कुणी सांगितलं नव्हतं!

त्यातून त्यांना सवय काय, तर जे दिसेल त्याला हात लावायचा! पडदा, लाव हात! पलंग, लाव हात! आणि तो गाईड, लांब मानेचा, नाकात बोलणारा, लगेच मागून, "कृऽपया हात लावू नका, मादाम." या पुतळ्याकडे वळल्या, "कृऽपया हात लावू नका, मादाम." शेवटी विहीणबाई भडकल्या, "मेल्या, आमच्याकडे हात लावल्याशिवाय मासळीसुद्धा कुणी घेत नाही! हात नाही लावायचा तर मला कळणार कसं खरं आहे ते?" सगळे पर्यटक टाळ्या वाजवायला लागले, त्यांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे.

दुपारी झाडाखाली जेवायला बसलो. मी मोठ्या हौसेने आपलं बकरीचं चीज काढलं, लांबट, राख लावलेलं, असं मायेने कापायला घेतलं, आणि विहीणबाई काय म्हणाव्यात? "भावोजी, यात केर पडलाय." केर! अहो, काडी ती! मधून पेंढ्याची काडी घातल्याशिवाय आपलं चीज उभं तरी राहतं का? मी समजावतोय तोवर त्यांनी काडी उपसून काढली, पुसली, आणि चीजचे झाले चार तुकडे. जाऊ दे. लेकीसाठी गिळलं मी ते.

मग व्हिलांद्री. तिथली बाग बघितलीय तुम्ही? नाही ना? मीही नव्हती! कोबी, भोपळे, वांगी, सगळं चौकोनात, रंगाला रंग लावून, जांभळा कोबी इकडे, निळसर तिकडे, एक पान इकडचं तिकडे नाही! मी म्हटलं, "विहीणबाई, राजवाड्यात भाजी! नातू ताजी भाजी खाईल!" त्या वाकल्या, हात पुढे केला... पाटी! "हात लावू नये." त्यांनी कोबीकडे बघितलं, पाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "म्हणजे लावायचा, वाढवायचा, आणि नुसता बघत बसायचा? कोबी?" मी मान खाली घातली. आणि वरून, घाम पुसत पुसत, "छान आहे हो. रंग छान आहेत. पण समुद्र कुठाय?"

आता खरं सांगू? मला राग यायला हवा होता. पण गाडीत बसताना बघितलं, बाई खिडकीच्या काचेला डोकं टेकून बसलेल्या, आणि ओठ हलतायत, आवाज नाही. आणि मागे माझी लेक, पोटावर हात ठेवून, आरशातून माझ्याकडे बघतेय, आता रडते की मग रडते अशी. हे सगळं हातातून चाललंय हे मला दिसत होतं. पोरीची खोली, पोरीचा पाळणा, सगळं मार्सेयला चाललं होतं, आणि मी काय दाखवत होतो? कोबी!

तिसरा महाल आपल्या घराच्या वाटेवरचा. नाव नाही सांगत, तिथला तिकीटवाला ओडीलचा मावसभाऊ लागतो. तिथे उकाडा असा की भिंतीवरच्या तसबिरीतले राजेसुद्धा घामेजलेले वाटले मला. आणि गाईड सांगतोय, "हा पांढराशुभ्र मऊ दगड जवळच्याच टेकड्यांमधून काढला आणि नावेत घालून नदीवाटे आणला." झालं! विहीणबाईंचा हात वर. "मग जिथून काढला तिथे आता काय आहे?" गाईड म्हणतो, "तिथे भोकं राहिली, मादाम." "आणि भोकात काय आहे?" गाईडने तोंड उघडलं... आणि मी ओरडलो, "हवा! नुसती हवा आहे! काही नाही तिथे! मशरूम!" अख्खा घोळका माझ्याकडे बघायला लागला. सोलेनने असा चिमटा काढला, आठवडाभर निळं होतं.

पण तुम्हाला सांगतो, ओरडता ओरडता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. राजाने केलं काय? आमच्या टेकडीतून महाल खोदून नेला! महाल तिकडे, भोक इकडे, आणि भोकात माझा पलंग! म्हणजे एवढी वर्षं मी महालातच राहतोय, फक्त उरलेल्या बाजूला! मला एवढं हसू फुटलं, एवढं हसू, आणि नेमकं तेव्हाच मागे धप्प! विहीणबाई जिन्यात बसल्या. गोल जिना, अरुंद, वरचे वर अडकले, खालचे खाली, मधे विहीणबाई पांढऱ्याफटक, "पाणी... वारा... समुद्र..." म्हणतायत. एक डच बाई नकाशाने वारा घालतेय, गाईड वरून ओरडतोय, "यांना गार जागी न्या! आहे का जवळ गार जागा?"

मी सोलेनकडे बघितलं. सोलेनने माझ्याकडे बघितलं. "बाबा," म्हणाली, "घर." मी म्हटलं, "अगं, पण तूच म्हणालीस घर नको म्हणून!" "बाबा, घर!" "पण तो शब्द..." "बाबाऽऽ!"

नेलं. गाडीतून उतरवलं, दोन्ही बाजूंनी धरून आत घेतलं, डोळे मिटलेलेच. दार लावलं मात्र, आणि बाईंच्या चेहऱ्यावर असा रंग चढायला लागला... "आहाहाऽऽ! काय गार आहे! कुठल्या कंपनीचा एसी हो हा?" मी म्हटलं, "घरचाच आहे." "फार जुना?" म्हटलं, "राजाच्या काळचा." त्या डोळे मिटून हसल्या. मला वाटलं, देवा, यांचे डोळे असेच मिटलेले राहू देत, असंच उचलून परत गाडीत घालीन! पण कुठलं! उघडलेच. समोर काय, तर बाहेर डांबर वितळतंय आणि माझी ओडील लोकरीचा स्वेटर घालून शेंगा सोलतेय. त्यांनी स्वेटर बघितला. छत बघितलं, खडक. डावीकडे बघितलं, खडक. "हे... काय आहे हे?"

आणि माझी ही जीभ! मी म्हटलं, "गु..." सोलेन किंचाळली, "बाबा!" मी म्हटलं, "गु... गुलाबी! गुलाबी रंग द्यायचाय भिंतींना!"

"ही गुहा आहे," विहीणबाई म्हणाल्या. शांतपणे. मग अजिबात शांतपणे नाही! "गुहा! माझा नातू गुहेत? तो काय अस्वलाचं पिल्लू आहे? म्हणून मला दिवसभर पलंग आणि कोबी दाखवत फिरवलं होय! सोलेन, बॅग उचल, रेमीला फोन लाव, तुम्ही दोघं माझ्याबरोबर..." आणि तरातरा उठल्या, झोक गेला, भिंतीला हात लावायला गेल्या, आणि हातात आली काय? माझी टोपी. हीच. खुंटीवरची. टोपी खाली पडली आणि बाईंचा हात राहिला खुंटीवर.

आणि त्या गप्प झाल्या. सकाळपासून पहिल्यांदा! मी घाबरलो, म्हटलं परत चक्कर आली की काय.

"हे कुठून आणलंत?" असा बारीक आवाज. मी म्हटलं, "कुठलं? खुंटी? आणली नाही हो, भिंतीतच होती. माझे वडील ही भिंत तासत होते, कुदळीला काहीतरी लागलं, तर म्हणाले राहू दे, टोपीला होईल." "भावोजी," त्या म्हणाल्या, "हा शिंपला आहे." म्हटलं, "असेल की! अशा ढिगाने आहेत आत. मोरीच्या भिंतीत तर शंख आहे, त्याला मी अंघोळीचा टॉवेल लावतो. आम्हाला शाळेत सांगायचे ना, फार फार पूर्वी इथे सगळीकडे समु..."

आणि माझं बोलणं माझ्याच कानावर आलं! अहो, जन्मापासून मी त्याच्यात झोपतोय, त्याच्यावर टोपी लावतोय, टॉवेल लावतोय, आणि दिवसभर त्या बाई विचारतायत समुद्र कुठाय, समुद्र कुठाय, आणि मी त्यांना कोबी दाखवतोय!

"हात लावू?" विहीणबाईंनी विचारलं. हो! त्यांनी! विचारून! मी म्हटलं, "लावा की! घर तुमचंच आहे!" ...हे वाक्य लक्षात ठेवा हं मंडळी. पुढे लागणार आहे.

त्यांनी नुसता हात नाही लावला. गाल लावला, कान लावला शिंपल्याला, आणि उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "यांना जाऊन इतकी वर्षं झाली, मी रोज खिडकी उघडी टाकून झोपते. समुद्राचा आवाज असला की घरात कुणीतरी आहे असं वाटतं. आणि हा पोरगा इकडे राहिला तर... मला वाटलं, समुद्र माझ्याकडे आणि माणसं सगळी तुमच्याकडे." झालं! सोलेन रडायला लागली, ओडील शेंगांवर रडायला लागली, मी टोपी उचलून टोपीत रडलो. मला कुठे ठाऊक होतं हो, ती बाई माझ्यासारखीच घाबरलेली आहे म्हणून? दिवसभर मी तिला शत्रू समजून महाल दाखवत फिरलो!

मग वळल्या, माझ्याजवळ आल्या. या गालाचा पापा, एक. त्या गालाचा, दोन. मी अजिबात हललो नाही, म्हटलं आता कानाची रिस्क नको. आणि तुम्हाला सांगतो... तिसरा! आणि चौथा! चार! तिथेच मी ओळखलं, लेक राहिली! माझी लेक राहिली! मी ओडीलला धरून स्वेटरसकट गर्रकन फिरवलं, शेंगा सगळ्या घरभर! विहीणबाई म्हणतायत, "माझा नातू समुद्राच्या पोटात वाढेल! कुणाचा वाढतो?" मी म्हटलं, "कुणाचाच नाही, विहीणबाई!" त्या म्हणाल्या, "आणि मीही." मी म्हटलं, "हो, हो... काय?" "मीही इथेच. तुम्हीच म्हणालात ना, घर तुमचंच आहे?"

तर आता असं आहे! पोरं राहतात काकाच्या गुहेत, दुधासारखी गोरी नात झालीय, आजीचंच नाव ठेवलंय तिचं, मगाली, दिवसभर माझ्या मांडीवर असते, दृष्ट लागेल असं सगळं आहे. पण विहीणबाई कुठे राहतात? काकाच्या गुहेत शिंपला नाही हो! बघितला, सगळीकडे दिवा घेऊन बघितला, एक नाही! शिंपले सगळे आमच्याच घरात, आणि खुंटीचा तो पुढच्या, आमच्या झोपायच्या खोलीत. मग आमची खोली त्यांची, आणि मी आणि ओडील मागे, जिथे माझे वडील मशरूम लावायचे तिथे. पहाटे खिडकी उघडून त्या बंदरातल्या आवाजात गातात. रविवारी मला धरून महालांना नेतात, आणि प्रत्येक महालात भिंतीशी उभ्या राहून परक्या लोकांना सांगतात, "आत समुद्र आहे हो! लावा कान!" शेनाँसोच्या लांब मानेच्या गाईडने आता नाकातून बोलायचंसुद्धा सोडलंय, आम्ही दिसलो की तो जेवायच्या सुट्टीवर जातो.

आणि टोपी? परवा मी सवयीने गेलो, दार ढकललं, टोपी काढली, हात वर केला खुंटीकडे... आणि आतून, पलंगावरून, अगदी नाकातून आवाज आला, "कृऽपया हात लावू नका, भावोजी!"

तेव्हा राहू दे ही हातातच. समुद्र सापडला मंडळी, सगळ्यांना सापडला... माझी खुंटी तेवढी त्यात बुडाली.